अकरावीचा रकाना

मी हे लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर लिहिणं. आई सातवीपर्यंत शिकली, वडील नववीपर्यंत, आणि त्यापुढं मी एकटाच गेलो. पुस्तकं म्हणाल तर मी वाचली ती गाईडं आणि अपेक्षित प्रश्नसंच. असल्या माणसानं आपली आठवण चार लोकांपुढं मांडावी का, हे मला अजून ठरवता येत नाही. शिवाय ज्या शाळेबद्दल लिहितोय, तिनंच मला नीट वाक्य लिहायला शिकवलं. म्हणून शाळेचं नाव इथं नाही, गावाचंही नाही. शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडं, एवढंच पुरे. शाळेच्या पत्रकावर छापलेला आकडाही लिहीत नाही, कारण आमच्या भागात आकडा सांगितला की लोक शाळा ओळखतात.

आकडा मीच काढलेला आहे.

मी शिरूरला कॉलेजात बी.एस्सी. करतो. स्टॅटिस्टिक्स हा विषय घेतला तो आवड म्हणून नाही. त्याच्या प्रॅक्टिकलला केमिकलचा वास येत नाही म्हणून. गोडी नंतर लागली. पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात सरांचा फोन आला. सर म्हणजे आमचे प्राचार्य. शाळा आणि तिला जोडलेलं ज्युनिअर कॉलेज, दोन्ही तेच बघतात.

"काय सायंटिस्ट, सुट्टी लागली का?" सर सगळ्याच पोरांना सायंटिस्ट म्हणतात. "जरा येऊन जा. तुझ्याजोगं काम आहे."

सरांनी बोलवावं आणि मी जाऊ नये, हे होणं शक्य नव्हतं. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटावर आहेत, कारेगावला खोली करून राहतात. माझ्या ॲडमिशनच्या वेळी त्यांना सुट्टी मिळाली नाही. तेव्हा सरांनी मला त्यांच्या मोटरसायकलवर शिरूरला नेलं. एक कागद कमी पडला तर खिडकीशी जाऊन भांडले. आतल्या क्लार्कनं विचारलं, "तुम्ही वडील का?" सर म्हणाले, "आजच्या दिवस." हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

काम असं होतं. आसपासच्या मोठ्या गावांतली कॉलेजं गाड्या पाठवून पोरं न्यायला लागली होती. आमच्या सायन्सच्या तुकडीत पोरं कमी पडली असती तर तुकडीच बंद झाली असती. सरांना एक तक्ता पाहिजे होता. आपल्याकडून बारावी सायन्सला बसलेल्या मुलामुलींपैकी किती जणांनी पुढं कॉलेजात प्रवेश घेतला, वर्षवार. तो पत्रकावर छापायचा आणि बाजाराच्या दिवशी वाटायचा.

बारावीला कोण बसलं ते शाळेकडं होतं. पुढं कोण कुठं गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मी ऑफिसातल्या पंख्याखाली बसून एकेकाला फोन लावले. एका मुलीचा फोन तिच्या सासूबाईंनी उचलला.

"ॲडमिशन? घेतली की. आमच्या घरात घेतली." मागं कुणीतरी हसलं. "आता गोठ्यात प्रॅक्टिकल चाललंय तिचं. बोलवू का?"

मी म्हटलं, नको, फक्त बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं होतं का तेवढं सांगा. घातलं होतं, लग्नाच्या आधी. मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "प्रवेश घेतला का? घेतला. मग लिही."

दुसरा एक जण इंजिनिअरिंगला गेलेला. त्यानं गाडी बाजूला घेऊन फोन घेतला. "पिकअपवर हाय गड्या, टोमॅटो घिऊन चाललोय. लिव, इंजिनिअरच लिव. इंजिन तर माझ्याकडंच हाय." पहिल्या वर्षातच त्यानं कॉलेज सोडलं होतं. पण प्रवेश घेतला होता, म्हणून तोही लिहिला.

तक्त्यात एकही खोटी नोंद नव्हती. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

फक्त तक्ता बारावीपासून सुरू होत होता. अकरावीचा रकाना त्यात नव्हता. सरांनी मागितला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं तरी काय, मला माहीतच होतं. आमच्या वर्गात अकरावीला जेवढी बाकं भरलेली होती तेवढी बारावीला नव्हती.

ही आमच्याकडची पद्धत आहे, आणि ती एकट्या आमच्याच शाळेची असेल असं मला वाटत नाही. अकरावीच्या शेवटी ज्यांचं काही खरं नाही असं वाटतं, त्यांच्या घरी बोलावणं जातं. चहा होतो. कुणी रागावत नाही. पोराला अकरावी पास करतो, दाखला काढून न्या, बारावी सतरा नंबरच्या फॉर्मवर द्या, असं समजुतीनं सांगतात. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसणं. त्याच्यावर आमच्याकडची पोरं आर्ट्सच घेतात, कारण सायन्सचं प्रॅक्टिकल घरी होत नाही. पोरगं पास झालं तर आनंद आहे. नापास झालं तर ते शाळेच्या निकालात धरलं जात नाही. माझ्या बाकावर शेजारी बसणारा मित्र असाच गेला. तक्ता करताना मी त्याला फोन केला नाही. समोरच्या नावांत त्याचं नाव नव्हतं, एवढंच तेव्हा मनात आलं. खरं म्हणजे काही मनात आलंच नाही.

पत्रक वाटून झालं आणि थोड्याच दिवसांत दौंडहून मामा आले, पोरीला घेऊन. मामा रेल्वेत पॉइंट्समन आहेत. मामेबहिणीचा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. मार्क बेताचे होते. मामांनी खिशातून आमचं पत्रक काढलं. कुणाच्या तरी हातून ते दौंडपर्यंत गेलं होतं.

"ह्यो तक्ता तू काढलाय म्हनं?"

"हो मामा."

"मंग झालं. भाच्यानं काढलाय म्हंजी त्यात पानी नसंल."

दौंडला कॉलेजं नव्हती असं नाही. पण रेल्वे कॉलनीत मैत्रिणी फार, मोबाईल फार. आत्याकडं राहिली तर चार अक्षरं वाचील, असा मामांचा हिशेब. त्यात हा तक्ता. पोरगी मात्र स्वतःच ठरवून आली होती. एकदा यार्डात मामांच्या पायाला लागलं, तेव्हा ती त्यांच्याबरोबर रेल्वेच्या दवाखान्यात गेली होती. तिथं एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

"डॉक्टरला पन भाईर काढलं," ती आईला सांगत होती. "आत्या, एवढी पावर कुनाला नसती. मला तेच शिकायचंय."

त्या कोर्सला बारावी सायन्स लागतं. फार मार्क लागत नाहीत, असं तिनं विचारून आणलं होतं. फक्त सायन्स पाहिजे आणि पास पाहिजे.

मामांनी मला विचारलं, "शाळा कशी हाय? तू आतनं बघितलीयस."

"चांगली आहे मामा. मला शाळेनंच वर काढलं."

"कमी मार्कवाल्यांना घेत्यात का?" हे तिनं विचारलं.

"घेतात," मी म्हटलं.

तिन्ही उत्तरं खरी आहेत. आजही कुणी विचारलं तर मला ती खोटी म्हणता यायची नाहीत. पण ती देताना माझ्या बाकावरची शेजारची जागा मला आठवली होती, हे मला पक्कं आठवतं. आठवली, आणि मी पुढं पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.

ती आमच्याकडं राहिली. आई खूष होती. घरात वडील नाहीत, मी शिरूरला, तिला बोलायला कुणीतरी मिळालं. शनिवारी मी आलो की तिला फिजिक्स शिकवायचो. तिला ते जड जायचं, पण ती गप्प बसून मान डोलवणाऱ्यांतली नव्हती.

"दादा, ही गणितातली गाडी एकसारख्या वेगानं का जाती?"

"समजायचं तसं."

"दौंडला तर एक पन जात नाय. सिग्नलला थांबतीच."

मी हसायचो आणि पुन्हा समजावून सांगायचो. तिला थोडं थोडं यायला लागलं होतं. लवकर येत नव्हतं, एवढंच.

अकरावीच्या शेवटी आमच्या घरी बोलावणं आलं. आई, मी आणि ती, असे तिघं गेलो. सरांनी चहा मागवला.

"ताई, पोरगी गुणी आहे," सर आईला म्हणाले. "वागायला, बोलायला नाव ठेवायला जागा नाही. पण फिजिक्स आणि मॅथ्समध्ये फार मागं आहे. बारावीला बसली आणि राहिली, तर वर्ष तिचंच जाईल. आम्ही अकरावी पास करतो. दाखल्यावर शेराही चांगला देतो."

आईला सगळं कळलं नाही. मला कळलं. पोरीलाही कळलं.

"सर, मंग मला नापासच करा ना," ती म्हणाली. "मी परत अकरावी करते. हितंच."

सर हसले. वाईट हसले नाहीत. "आपल्याकडं अकरावीला कुणी नापास होत नाही, बाळ."

"मी झालेय की."

"तुला आम्ही पास करतोय."

"पास करताय तर बारावीला बसू द्या."

मग सरांनी माझ्याकडं बघितलं. "सायंटिस्ट, तूच सांग तिला. तू आकड्यांतला माणूस."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. काय बोलायला पाहिजे होतं ते मला आता चांगलं सुचतं. शिरूरच्या खोलीवर, एस.टी.त, कुठंही सुचतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं खिडकीशी माझ्यासाठी भांडणारे सर आले. मी म्हटलं, "सतरा नंबरनंही होतं. माझा मित्र असाच पास झाला."

तो आर्ट्सला पास झाला आणि कारेगावला कंपनीत खोकी भरतो, हे मी सांगितलं नाही. आई म्हणाली, "सर म्हनत्यात म्हंजी इचार करूनच म्हनत असत्याल." आणि चहा प्यायली. पोरीनं कपाला हात लावला नाही.

सर फाटकापर्यंत सोडायला आले. मला थोडं बाजूला घेऊन म्हणाले, "राग धरू नकोस. निकाल एकदा खाली आला की पुढच्या वर्षी पोरं येत नाहीत. तुकडी जाते. मग ज्या पोरींना घरचे शिरूरला पाठवत नाहीत, त्यांचं सायन्सच संपलं. मला सगळ्यांचं बघावं लागतं." सर खोटं बोलत नव्हते. ज्या पोरी त्या तुकडीमुळं शिकल्या त्या मला माहीत आहेत.

घरी परतायला स्टँडवर आलो तेव्हा आई पाण्याची बाटली आणायला गेली. आम्ही दोघं बाकड्यावर बसलो होतो.

"दादा, तुम्ही अकरावीला किती जण व्हता?"

मी सांगितलं.

"आन् बारावीला?"

तेही सांगितलं.

तिनं बोटांवर वजाबाकी केली. मग म्हणाली, "हे तक्त्यात कुठं व्हतं?"

"नव्हतं."

"सरांनी सांगितलं व्हतं का, लिवू नको म्हनून?"

"नाही."

एस.टी. आली. ती आईशेजारी बसली, मी मागं उभा राहिलो, जागा असूनही.

चार दिवसांनी मामा तिला न्यायला आले. मला वाटलं होतं मामा बोलतील, निदान आवाज चढवतील. त्यांनी जेवताना भाकरी चांगली झालीय म्हणून आईचं कौतुक केलं. निघताना मात्र तिची बॅग खांद्याला लावत म्हणाले, "भाचेबुवा, आमच्या रेल्वेत गाडी लेट झाली तरी चालतं बघा. पॅसेंजर शिव्या देतो, पर बसून ऱ्हातो. क्यान्सल झाली म्हनल्यावर त्यानं काय करायचं?" एवढं बोलून हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मारायला नको होती.

दौंडला त्यांनी दोन-तीन कॉलेजांत विचारलं, एवढं पुढं कानावर आलं. बारावीला नवीन पोरगी घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनाही आपापले निकाल आहेत. त्यानंतर काही कळलं नाही. मी तिला मेसेज पाठवायचो. ती ते बघायची, हे मला दिसायचं. उत्तर यायचं नाही.

त्याच उन्हाळ्यात सरांचा पुन्हा फोन आला. तक्त्यात पुढच्या वर्षाची ओळ घालायची होती. मी गेलो. या वेळी मी जुनी हजेरीपुस्तकं मागून घेतली आणि अकरावीचा रकाना घातला. प्रत्येक वर्षी अकरावीला किती आले, बारावीला किती बसले, पुढं किती गेले. आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम कॉलेजात पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, टक्केवारी बघितली की आधी विचारा, ही कितींपैकी? मी परीक्षेत त्याचं उत्तर लिहून मार्क घेतले होते.

आमच्या वर्षाची ओळ भरताना बाकावरच्या मित्राला फोन केला. पहिल्यांदाच.

"आयला, प्रोफेसर! जित्ता हाईस व्हय?"

"एक विचारायचं होतं. अकरावीनंतर तू..."

"त्या पत्रकात घालतोस का काय मला?" तो मशीनच्या आवाजावरून ओरडून बोलत होता. "घाल की. पर कुठल्या खान्यात घालशील? गेलेल्यात का घालवलेल्यात?"

मग तोच म्हणाला, "अरं, गंमत केली. कवा येतोस कारेगावला? वडापाव खाऊ."

तक्ता घेऊन मी सरांपुढं उभा राहिलो. सरांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, वरून खाली आणि पुन्हा खालून वर. मग म्हणाले, "बरोबर आहे. एकही चूक नाही." चष्मा काढून म्हणाले, "पण हा छापून कुणाचं भलं होईल, सांग."

एका पोरीचं झालं असतं, असं मला म्हणायचं होतं. "बघा सर तुम्ही," असं म्हणालो. त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. पत्रक जुन्याच पद्धतीनं छापलं गेलं. नवी ओळ शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी घातली. मी कुठं काही बोललो नाही. कुणी विचारलं असतं तर बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. पण मामांनी विचारलंच होतं की.

दिवाळीत आई भाऊबिजेला दौंडला जाते. दरवर्षी मीही जातो, मामेबहीण मला ओवाळते. या वेळी परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा होती, पण सुट्टीनंतर. आई एकटी गेली. मी घरात बसून पुस्तक उघडं ठेवलं आणि दिवसभर एक पान वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. पिशवीतून मामीनं दिलेला चिवडा काढला, करंज्या काढल्या. मामांचा पाय थंडीत दुखतो, कॉलनीत रंग दिलाय, असं बोलत राहिली. मला एकच विचारायचं होतं आणि ते विचारवत नव्हतं.

"पोरगी म्हनली, दादाला सांगू नको," आई डबे लावता लावता म्हणाली. "पर मला न्हाई ऱ्हावत."

"काय?"

"परत अकरावीला बसलीय ती. दौंडलाच. सायन्सलाच."

मी विचारलं, कधीपासून.

"कालेज सुरू झाल्यापास्नं की. वर्गात समदी तिच्यापेक्षा ल्हान, ताई म्हनत्यात तिला." आईनं करंजीचा तुटलेला तुकडा तोंडात टाकला. "पहिल्या परीक्षेत त्या फिजिकात परत नापास झाली. बोलावनं आलं म्हनून तुझा मामा घाबरत घाबरत गेला कालेजात. दाखला देत्यात का काय म्हनून."

"मग?"

"मंग काय. तिथल्या फिजिकाच्या बाई म्हनल्या, दुपारचं थोडं थांबत जा म्हनावं तिला, मी बघते."